पिंगळेकाकांची बंदी

आमचे शेजारी पिंगळेकाका सकाळचे पोहे झाले की कॉम्प्युटरसमोर बसतात, ते दुपारच्या वरणभातालाच उठतात. एवढा वेळ ते इंटरनेटवर असतात, पण कुठल्याही वेबसाइटवर म्हणून ते जात नाहीत. जाणं त्यांना मुळात मंजूरच नाही. 'अमक्या साइटवर जाऊन बघा' असं कोणी म्हटलं की ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि समोरच्याकडे दयेनं बघतात. "अपन कहीं जाते नी, भिया," ते म्हणतात. "जिसको आना है, अपने यहाँ आए."

आणि गंमत म्हणजे सगळं येतं. देपालपूरच्या मंडीत सोयाबीन काय भावानं गेलं ते येतं, एखादा धूमकेतू कुठल्या नक्षत्रात पोचला ते येतं, महूकडच्या जुन्या मीटरगेज लाइनीच्या प्रेमात पडलेल्या कुणा इंजिनियरनं काल कुठल्या बोगद्याचा फोटो काढला तेही येतं. काकांकडे इंचभर शेत नाही, दुर्बीण नाही, आणि आगगाडीत आपण शेवटचे कधी बसलो हे त्यांना आठवत नाही. सोयाबीनशी तुमचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, संबंध काही नाही, पण कुठेतरी कोणाचं तरी काहीतरी चाललंय एवढं कळलं की बरं वाटतं. मला तेव्हा हसू आलं होतं.

मी मूळची कोल्हापूरची. इथे इंदूरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले. नवऱ्याची फाउंड्री तिकडेच असल्यामुळे तो सुट्टीत येतो-जातो आणि मी लोकमान्यनगरातल्या या तीन मजली इमारतीत एकटी राहते. घर मुद्दाम मराठी वस्तीत बघितलं. परक्या गावात निदान भाषेची तरी अडचण नको, असा माझा हिशेब होता. अडचण झाली ती नेमकी भाषेचीच, आणि तीही मराठीची.

राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. जिन्यात काका भेटले. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात लाल पेन. ओळख झाली. एका सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, काकू नाहीत, एकुलती मुलगी अनघा कोइमतूरला नोकरी करते. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, एकटी असते का तिथे? काका म्हणाले, "हो न, एकटीच. आणि इंटरनेटवर लिहिते. तिचा ब्लॉग आहे. मी त्याच्यावर बंदी लावून टाकली आहे."

हे त्यांनी असं हसतमुखानं सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळिशीला आलेली मुलगी, हजार मैलांवर एकटी राहते, चार ओळी लिहिते, आणि हा म्हातारा घरबसल्या तिच्या लिहिण्यावर बंदी आणतो. वर ते नव्या शेजारणीला कौतुकानं सांगतो. मी मान वळवून वर निघून आले. पुढे त्यांनी जिरावणाची पुडी देऊ केली, ती मी घेतली नाही. जिरावण म्हणजे इंदूरकर पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. ते नाकारणं हा इथे किती मोठा अपमान आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी घेतलं नसतंच.

शेवटी एकदा गॅलरीत गाठून मी त्यांना तोंडावर विचारलं की मुलीच्या लेखनावर बंदी लावणारे तुम्ही कोण. काका गोंधळले. म्हणाले, मी नाही लावणार तर कोण लावणार, बापच आहे मी तिचा. बंदी लावली म्हणून तर बरं चाललंय, नाहीतर काय व्हायचं कोण जाणे. मी विचारलं, तिला हे चालतं? त्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "तिला पत्ताच नाही, मॅडमजी. आणि तुम्ही पण कोणाला बोलू नका." झालं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

माझे डोळे उघडले आमच्या दूधवाल्यानं. बेटम्याकडून मोटरसायकलवर कॅन लटकवून येणारा हा माणूस मी रोज दारात उभी राहून दूध मागते याला कंटाळला असावा. एका सकाळी म्हणाला, "मैडम, रोज-रोज क्या पूछना, आपकी बंदी लगा दूँ?" मी दचकून विचारलं, कशावर बंदी? तो म्हणाला, दूध की बंदी, एक लीटर की लगा दूँ या आधे की? मी पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्याकडे ज्याला दुधाचा रतीब म्हणतात, त्याला हे लोक बंदी म्हणतात. न सांगता, न मागता, रोज ठरलेल्या वेळी दारात येतं ते बंदीचं दूध. आम्ही बंदी घालतो, इंदूरकर बंदी लावतात, आणि तेवढ्या एका क्रियापदापायी मी एका सज्जन माणसाला जिन्यात खलनायक ठरवून मोकळी झाले होते.

मी तशीच शेजारी गेले आणि सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत. आधी ऐकून घेतलं, मग एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "रतीब," ते दोनतीनदा म्हणाले. "आमची आई म्हणायची रतीब. किती वर्षांनी ऐकला हा शब्द." मग त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि बंदीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. मला जायची घाई आहे, हे त्यांनी साफ कानाआड केलं.

शास्त्र असं. बऱ्याचशा साइटी आपल्या मागच्या दाराशी एक यादी ठेवतात: नवीन काय आलं, कधी आलं, मथळा काय. या यादीला फीड म्हणतात. आपण फीड वाचणारा एक प्रोग्राम घ्यायचा, त्याला यादीचा पत्ता द्यायचा, की तो थोड्या थोड्या वेळानं तिथे डोकावून येतो आणि नवीन असेल ते आपल्यापुढे आणून ठेवतो. पत्ता माहीत नसेल तर साइटीच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ मारून फीड लिहून बघायचं, पुष्कळदा लागतं. काही साइटी सगळा मजकूर देतात, काही पहिल्या चार ओळीच देतात. त्यांना काका पाणी घातलेलं दूध म्हणतात. फीड हा शब्द मात्र त्यांनी वापरायचा सोडून दिला, कारण एकदा दूधवाल्याला त्यांनी मोठ्या उत्साहानं 'मी फीड लावतो' असं सांगितलं, तेव्हा त्यानं म्हशीला कुठलं फीड चांगलं ते विचारायला सुरुवात केली.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगू का?" काका म्हणाले. "नाव नाही द्यावं लागत. तुम्ही वाचताय हे तिकडे कोणाला कळत नाही. येतं चुपचाप. आपल्याकडून काहीच जात नाही." ही त्यांना फार मोठी सोय वाटे. मलाही तेव्हा ती सोयच वाटली.

फोनवरच्या बातम्यांवर त्यांचा दात आहे. तिथे म्हणे हलवाईच ठरवतो की आज तुम्ही काय खायचं. काल चुकून जलेबी घेतलीत तर महिनाभर जलेबीच. बंदीत तसं नाही. जे जसं लिहिलं गेलं तसं, त्याच क्रमानं येतं, मधे कोणी नाही. ते वाचायचंही क्रमानंच. त्यांच्या प्रोग्राममध्ये 'सगळं वाचलं असं समजा' अशा अर्थाचं एक बटण आहे. त्या बटणाबद्दल काका जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही. न वाचता वाचलं म्हणायचं, हे त्यांच्या छापखान्यात कोणी केलं असतं तर पाचवीच्या पुस्तकात नर्मदा पूर्वेला वाहिली असती, एवढं मात्र ते चारचौघांत सांगतात.

इमारतीतल्या लोकांना त्यांनी भंडावून सोडलं आहे. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद करावा आणि इमारतीची स्वतःची साइट काढून तिला फीड द्यावं, अशी सूचना त्यांनी मीटिंगमध्ये मांडली. कोणी ऐकेना, तेव्हा स्वतःच साइट काढली. 'पाण्याची टाकी धुतली.' 'दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला.' 'दिवा लागला.' सगळं शुद्ध, पूर्णविरामासकट. या साइटीला दोनच वाचक आहेत, एक मी आणि एक ते स्वतः. आपणच लिहिलेलं आपल्याकडे बंदीनं आलं की ते ते पुन्हा पहिल्यापासून वाचतात आणि समाधानानं मान हलवतात.

ते खऱ्या जगातही कुठे जात नाहीत हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. भाजी दारात, औषधं दारात, न्हावीसुद्धा घरी. कोपऱ्यावर पोह्याची गाडी आहे, तिथेही नाही. काकू होत्या तेव्हा दोघं संध्याकाळी कृष्णपुऱ्याला जुन्या समाध्यांच्या छत्र्यांपाशी जाऊन बसत. काकू गेल्यावर ते थांबलं. एकट्यानं कुठे गेलं की लोक विचारतात, कसे काय येणं केलंत? याचं उत्तर आपल्याकडे नसतं, असं ते म्हणाले. "बोलावलं तर जावं माणसानं. तसं कोणी बोलावतही नाही, ते एक बरंय."

अनघाचा फोन रविवारी सकाळी येतो. आमच्या गॅलऱ्यांमध्ये एक जाळी तेवढी आहे, त्यामुळे काकांची बाजू मला ऐकू येते. बरी आहेस ना? जेवलीस? इकडे ऊन आहे. बरं, ठेव मग. पोह्यांना फोडणी बसायच्या आत फोन संपतो. सुरुवातीला मला वाटलं, बापलेकीचं काही बिनसलेलं असावं. बिनसलेलं काही नव्हतं. दोघांना बोलता येत नव्हतं, एवढंच.

ब्लॉगवर मात्र तीच अनघा भरभरून बोलायची. काका मला त्यातलं वाचून दाखवत. घरमालकीणबाई आणि तिचं बोलणं एकमेकींना कळत नाही म्हणून दोघी कशा भांडी वाजवून बोलतात, बसमधला कंडक्टर तिला रोज कसा चुकीच्या स्टॉपवर उतरवतो. ती काही फार मोठी लेखिका नव्हती, पण वाचताना काकांचा आवाज बदलायचा. हा ब्लॉग त्यांना सापडला तो त्यांच्या छंदामुळेच. जगभरातले पिंगळे काय करतात हे बघावं म्हणून त्यांनी आपल्या आडनावाचीच बंदी लावून ठेवली होती; इंटरनेटवर कुठेही ते नाव आलं की ते लिखाण त्यांच्याकडे येई. त्यात एक ज्योतिषी पिंगळे यायचे, एक शेळीपालनवाले पिंगळे यायचे. एके दिवशी त्या शेळ्यांच्या खालोखाल एक लेख आला. अर्धा वाचून झाल्यावर त्यांना कळलं की यातलं घर आपलं आहे.

तेव्हापासून ते दुहेरी आयुष्य जगत होते. तिला विषमज्वर झाला होता, ती ब्लॉगवर लिहून मोकळी झाली आणि रविवारी फोनवर म्हणाली, मी बरी आहे. काकांनी 'बरं' म्हटलं, आणि मग न राहवून, पाणी उकळून पीत जा असं सांगितलं. ती म्हणाली, हे काय मधेच? काका म्हणाले, पेपरात आलं होतं. पुढे एकदा तिनं लिहिलं की इथल्या पोह्यांना काही केल्या चव येत नाही, जिरावण हवं. काकांनी दुसऱ्याच दिवशी पार्सल पाठवलं. 'सहज पाठवलं' असं फोनवर सांगितलं. त्यावर तिनं ब्लॉगवर लिहिलं की बाबांना हे कसं सुचलं देव जाणे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही न सांगता ओळखलं. ते वाचून काका दिवसभर गुणगुणत होते. मला मात्र कुठेतरी खटकलं. मी म्हटलं, काका, सांगून टाका ना तिला, की मी वाचतो म्हणून.

त्यावर त्यांनी सांगितलं ते असं. काकूंचं आजारपण लांबलं, आणि त्या गेल्या तेव्हा अनघा कॉलेजात होती. तिनं आईवर एक लेख लिहिला आणि बाबांना वाचायला दिला. काकांनी तो त्याच रात्री वाचला आणि सकाळी तिच्या टेबलावर ठेवून दिला. सगळ्या समासांत लाल खुणा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, दोन ठिकाणी परिच्छेद बदला. "मी मन लावून वाचला होता हो," काका मला म्हणाले. "अपने को दुसऱ्या तऱ्हेनं वाचताच येत नव्हतं. ती बोलली, बाबा, आईबद्दल होतं ते. मी बोललो, हो न, पण 'आशीर्वाद'चा शी दीर्घ आहे." नंतर तिनं त्यांना एक ओळही दाखवली नाही. तिच्या ब्लॉगवरही 'आशिर्वाद' असंच यायचं. काका ते तसंच वाचत आणि लाल पेनाला हात लावत नसत. पण हे तिला कोण सांगणार? बाप वाचतोय हे कळलं की ती लिहायचंच बंद करील, ही त्यांची भीती होती. आणि ती लिहायची थांबली की उरणार काय, तर रविवारचं ऊन आणि पाऊस.

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी काकांनी जाळीवर टकटक केलं. अनघाचं नवीन आलं होतं, चारच ओळी. ब्लॉग बंद करतेय. इतकी वर्षं लिहिलं, पण कोण वाचतं, कोणी वाचतं का, हे कधी कळलंच नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटायला लागलंय. यापुढे जे लिहीन ते फक्त मेलनं पाठवीन. ज्यांना हवं त्यांनी खालच्या चौकटीत आपलं नाव आणि पत्ता द्यावा.

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. "भिंत म्हणते ती," ते म्हणाले. "भिंत नव्हती. मी होतो न."

दोन दिवस त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. नव्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून फीड लिहिलं, आणखी काय काय लिहिलं. काही मेलवाले फीडही देतात, पण अनघानं निवडलेल्या सेवेत ते नव्हतं. मागचं दार नव्हतंच. जायचं तर पुढच्या दारानं, नाव सांगून. मग काका माझ्याकडे आले. त्यांचं मागणं सरळ होतं: मी माझं नाव द्यायचं, मेल मला येईल, तो मी त्यांना पुढे पाठवायचा. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी येते, असं मी त्यांना म्हटलं.

संध्याकाळी गेले तर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले. मी म्हटलं, कुठे बाहेर निघालात का? ते जरा ओशाळले. म्हणाले, साइटीवर जायचंय ना आज. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

पान उघडलं. चौकटीत मी माझं नाव टाकलं, पत्ता टाकला. बटण दाबणार तोच काकांनी माझ्या हाताशी हात आणला. म्हणाले, थांबा. तिला वाटेल कोणीतरी नवीन बाई वाचायला आली. ती खूश होईल. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. "नाही, बेटा," काका म्हणाले. तोवर मी मॅडमजी होते. "खोटी खूश होईल ती. ते नको."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण नंतर 'सांगितलं नाही' असं म्हणायला नको. तुमचं नाव तिला दिसेल. आलेल्यांची नावं तिच्यासमोर असतात, आणि नको असेल त्याचं नाव ती एका बोटानं काढूही शकते. काढलं तर तुम्हाला कोणी कळवणार नाही, फक्त मेल यायचा थांबेल. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझं नाव त्यांनी एकेक अक्षर करून पुसलं. नावाच्या जागी आधी 'बाबा' लिहिलं आणि थोडा वेळ बघत बसले. मी म्हटलं, राहू द्या ना तेच. तर म्हणाले, ते तिनं म्हणायचं असतं, आपण लिहायचं नसतं. शेवटी 'गजानन विष्णू पिंगळे' असं लिहिलं, कचेरीत लिहावं तसं, आणि बटण दाबलं. मग मला विचारलं, आता परत घेता येईल का? येईल म्हटलं. "नको," ते म्हणाले आणि उठून चहा टाकायला गेले. आत कपबश्यांचा आवाज उगाचच जास्त वेळ येत राहिला.

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम गॅलरीत थांबले. आपण चोरून ऐकतोय याची मला लाज वाटली नाही. फोन आला. बरी आहेस ना? इकडे उघडलंय. मग काका गप्प. मला वाटलं, ठेवला तिनं. पण काकांच्या कानाला फोन तसाच होता. कितीतरी वेळ तसाच होता. नंतर त्यांनी सांगितलं, ती काहीच बोलली नाही, मीही नाही बोललो. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली. मग घरमालकीणबाई काहीतरी बोलल्या, तेही ऐकू आलं. शेवटी ती म्हणाली, ठेवते. एवढंच. नावाचा विषय तिनं काढला नाही आणि काकांनीही काढला नाही.

मेल येईना. काका बंदीकडे बघेनात. सोयाबीन साचलं, धूमकेतू येऊन गेले. आमच्या इमारतीतला जिन्याचा दिवा गेला आणि लागला, साइटीवर काही आलं नाही. ते मेल उघडून बसत, आणि माझी चाहूल लागली की घाईघाईनं दुसरं काहीतरी उघडत. एकदा मला वाटलं, अनघाला फोन करून झापावं. नंबर माझ्याकडे नव्हता हे बरं झालं.

मग एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते, तर काकांचं दार उघडं होतं. त्यांनी मला हाक मारली नाही, पण दार कधी उघडं नसतं म्हणून मी आत गेले. मेल आला होता. मी त्यांच्या खांद्यावरून वाचला. 'नमस्कार वाचकहो' अशी सुरुवात होती. पुढे घरमालकीणबाईंच्या गच्चीवरच्या शेवग्याची गोष्ट, त्याच्या शेंगा कोणाच्या यावरून झालेलं भांडण, शेवटी सगळ्यांनी वाटून घेतलेलं सांबार. मी घाईघाईनं शेवटपर्यंत गेले. बापाविषयी एक शब्द नव्हता. कुठे एखादी ओळ, एखादी खूण, काहीही नव्हतं. सगळ्यांना गेलेला मेल तोच काकांना आला होता.

माझा पारा चढला. मी म्हटलं, काका, मला हे काही पटलेलं नाही. इतकी वर्षं तुम्ही वाचताय, नाव सांगून दारात जाऊन उभे राहिलात, दोन शब्द लिहायला तिचं काय जात होतं?

काका स्क्रीनकडेच बघत होते. त्यांनी मलाच उलट विचारलं, "तिला नावं दिसतात बोलली होतीस न तू?"

"हो."

"आणि नको असलं तर काढता येतं?"

"येतं."

"काढलं नाही तिनं मला," काका म्हणाले, आणि मेल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.